लेप लावा, तारीख तीच ठेवा

मुंबईच्या उपनगरांत ‘कोल्ड स्टोरेज’ अशी पाटी लावलेली दुकानं असतात. सॉसेज, सलामी, नगेट, कबाब असा माल तिथे मिळतो. दिंडोशीत, नागरी निवारा, संतोषनगर आणि कुरार गाव या पट्ट्यात, असं एक दुकान आहे असं धरू. दुकानदार चाळिशीतला, हिशेबाला पक्का. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बाई सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. तो त्यांना मॅडम म्हणतो, त्या त्याला दादा म्हणतात. दोघंही मी उभी केलेली पात्रं आहेत, पण ज्यावरून ती भांडतात तो प्रश्न खरा आहे. प्रक्रिया केलेल्या मांसावर खाण्याजोगा पातळ लेप चढवला तर माल जास्त दिवस टिकतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. मग ते जास्तीचे दिवस कोणाच्या पदरात पडावेत? दादाला ते पाकिटावरच्या तारखेत हवेत. मॅडम म्हणतात, ते दिवस छापायचेच नाहीत. मालाच्या प्रवासात जे काही बिघडतं त्यासाठी ते राखून ठेवायचे. माझा कल मॅडमकडे आहे. मात्र दादाचे एक-दोन आक्षेप असे आहेत की त्यांना उत्तर दिल्याशिवाय मॅडमची बाजू लंगडीच राहते.

“मॅडम, माझं गणित साधं आहे,” दादा सुरू करतो. “पाकीट कंपनीतून निघतं, डिस्ट्रिब्युटरकडे जातं, तिथे पडून राहतं, मग टेंपोतून माझ्याकडे येतं. माझ्या हातात पडेपर्यंत मुदतीतले बरेच दिवस उडालेले असतात. शनिवार-रविवारी माल जातो, पण श्रावण लागला की महिनाभर फ्रीझरकडे बघत बसायचं, नवरात्रात पुन्हा तेच. तारीख उलटलेलं पाकीट कुणी परत घेतं, कुणी घेत नाही. लूज सलामीचं तर विचारूच नका. कडा काळपट पडतात, वरून बुळबुळीत होते, ती कापून फेकायची आणि वजनातला तोटा मी सोसायचा. आता सेल्समन सांगतोय की कोळंबीच्या टरफलापासून काढलेल्या एका पदार्थात माल बुडवून काढला की मुदत दुप्पट होते, चवीत फरक पडत नाही, आणि हे परदेशातलं नाही, आपल्या ट्रॉम्बेत सिद्ध झालंय. मग अडलंय कुठे? तारीख वाढवा, नासाडी थांबेल.”

ट्रॉम्बेचा दाखला खरा आहे आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अन्नतंत्रज्ञान विभागात स्वीटी कनाट, रमेश चंदर आणि अरुण शर्मा यांनी पुदिन्याचा अर्क आणि कायटोसान यांच्या मिश्रणावर केलेलं काम २००८ साली प्रसिद्ध झालं. कायटोसान म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या टरफलातल्या कायटिनवर अल्कलीची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ. सौम्य आम्लात तो विरघळतो आणि वाळल्यावर पातळ पापुद्रा धरतो. या कामातली मौजेची गोष्ट अशी की दोन्ही घटक एकेकटे अपुरे निघाले. पुदिना चरबीला खवट होऊ देत नव्हता, पण जंतूंपुढे दुबळा होता. कायटोसान जंतूंना आवरत होतं, पण खवटपणा रोखायला कमी पडत होतं. दोन्ही एकत्र आल्यावर पोर्क कॉकटेल सलामी ० ते ३ अंश सेल्सियसला तीन आठवडे चांगली राहिली. पुढे २०१३ साली याच विभागातून कायटोसानच्या लेपावर स्वतंत्र निबंध आला. त्यात आपल्याकडच्या खाण्यातले पदार्थ होते: चिकनचे गोळे, चिकन सीख कबाब, मटण सीख कबाब. लेपाचा माल दोन आठवडे टिकला, बिनलेपाचा आठवड्याच्या आतच खराब झाला, आणि चाखणाऱ्यांना चवीत खोट सापडली नाही. तेव्हा सेल्समनने दादाला खोटं सांगितलेलं नाही. त्याने एक आकडा मात्र गाळला, तो ‘० ते ३ अंश’ हा. मॅडमचा सगळा युक्तिवाद या गाळलेल्या आकड्यावर उभा आहे.

त्याआधी लेप नेमकं काय करतो ते पाहायला हवं, कारण जाहिरातीत ज्या कारणाने तो विकला जातो ते कारण सहसा दुय्यम असतं. जाहिरात म्हणते, लेप हवा रोखतो, ओलावा धरतो. पिठूळ किंवा प्रथिनांच्या कोरड्या पापुद्र्यातून प्राणवायू फारसा जात नाही, हे बरोबर. पण कायटोसान, अल्जिनेट, स्टार्च, जिलेटिन हे सगळे पाणी ओढून घेणारे पदार्थ आहेत. मांसाचा पृष्ठभाग कायम ओलसर, त्यात मुंबईचा पावसाळा. ओला झालेला पापुद्रा हवेला फारसा अडवत नाही. कोरड्या पापुद्र्यावर मोजलेले आकडे ओल्या सॉसेजला लावणं म्हणजे तळलेल्या पापडाचा कुरकुरीतपणा वरणात बुडवलेल्या पापडाच्या नावावर खपवणं. लेपाचं मोठं काम वेगळंच आहे. शिजवलेलं सॉसेज भट्टीतून बाहेर येतं तेव्हा त्यातले बहुतेक जंतू मेलेले असतात. नवे जंतू येतात ते नंतर: साल सोलताना, सुरीखाली काप पडताना, काट्यावर, पॅकिंगच्या टेबलावर. म्हणजे धोका पृष्ठभागावर बसतो. तिथे नुसतं एखादं जंतुरोधक द्रावण फवारलं तर ते थोड्याच वेळात आत मुरतं, प्रथिनं आणि चरबी त्याला बांधून टाकतात आणि पृष्ठभाग पुन्हा उघडा पडतो. लेप ते द्रावण वरच्या वर धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. कायटोसानचं तर स्वतःचंच धनप्रभारित अंग जंतूंच्या आवरणाला चिकटून ते फोडतं. हे कळलं की लेपाची मर्यादाही कळते. तो वरवरचा आहे. खिम्यात आधीच मिसळलेल्या जंतूंपर्यंत तो पोहोचत नाही, आणि दादाने लेपाची सलामी मशीनवर कापली की प्रत्येक कापाला दोन बाजूंनी लेप नसलेला नवा पृष्ठभाग मिळतो. ज्या लूज सलामीसाठी दादाचा जीव सर्वांत जास्त तुटतो, तिला आख्ख्या लोडावरच्या लेपाचा उपयोग सर्वांत कमी. तिथे रोज धुतलेलं पातं जास्त कामाचं.

दादाला हे पटत नाही. “वरवरचं म्हणून हलकं कशाला लेखता? आपल्या गोव्याची चोरीस बघा. वरून नुसतं आतडं, तेही खाण्याजोगं, आणि फ्रीज नसताना लोकांनी ती पावसाळाभर वापरली. लेप म्हणजे दुसरं काय? जुनीच गोष्ट नव्या नावाने.”

हा दाखला फसवा आहे, म्हणून त्यावर थोडं रेंगाळायला हवं. गोव्यातली चोरीस ही पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची वस्तू. डुकराच्या मांसाचे तुकडे, मीठ, सुकी लाल मिरची, लसूण, मसाला आणि भरपूर व्हिनेगर असं सगळं मुरवून आतड्यात भरायचं, मण्यांसारखी बांधून उन्हात किंवा चुलीच्या धुरावर लटकवायची. इथे आतड्याचं आवरण रखवालदाराचं काम करत नाही. ते ओलावा बाहेर जाऊ देतं, धूर आत येऊ देतं. चोरीस टिकते ती आतल्या मांसामुळे: व्हिनेगरने आम्ल वाढलेलं, मिठाने आणि वाळण्याने जंतूंना लागणारं मोकळं पाणी कमी झालेलं. बेकनची जुनी रीतही त्याच घराण्यातली, मीठ मुरवून धूर द्यायचा. आजचं चिकन सॉसेज या घराण्यातलं नाही. त्यात पाणी भरपूर, मीठ जिभेला बेताचं लागेल इतकंच, आंबटपणा जवळजवळ नाही. ते मऊ आणि रसाळ असतं म्हणूनच मुलांना आवडतं, आणि रसाळ असतं म्हणूनच जंतूंनाही आवडतं. जर्मनीच्या कुल्मबाख इथल्या मांससंशोधन केंद्रात लोथार लाइस्टनर यांनी अडथळ्यांची कल्पना मांडली: मीठ, आम्ल, धूर, नायट्राइट, थंडी हे जंतूंच्या वाटेतले एकेक अडथळे, एकटा कुठलाच पुरत नाही, सगळे मिळून पुरतात. चोरीसमध्ये मीठ, आम्ल, धूर असे अडथळे उंच आहेत, म्हणून थंडीचा नसला तरी भागतं. सॉसेजमध्ये बाकीचे आपण चवीसाठी बुटके केले आणि सगळा भार थंडीवर टाकला. लेप हा त्यात घातलेला एक जादा अडथळा आहे. थंडीची जागा तो घेऊ शकत नाही.

मॅडमचं बोलणं इथून धारदार होतं. “दादा, ट्रॉम्बेच्या प्रयोगात माल ० ते ३ अंशांना पंधरवडाभर हलला नाही. तुमचा माल किती वेळा हलतो ते मोजा. भर दुपारी टेंपो पश्चिम द्रुतगती महामार्गावर अडकलेला. दुकानासमोर उतरवताना खोकी फुटपाथवर. तुमच्या फ्रीझरचं झाकण संध्याकाळी दर दोन मिनिटांनी उघडतं. गोठवलेल्या नगेटच्या पाकिटात बर्फाचा भुगा दिसतो ना, तो माल वाटेत एकदा तरी वितळून पुन्हा गोठलाय याची खूण असू शकते. मग डिलिव्हरीवाला मुलगा ते बाइकवरून इमारतीत पोहोचवतो, आणि घरी ते फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात बसतं, जिथे फ्रीज सर्वांत कमी थंड असतो.”

“पण मुंबईत लाइट जात नाही मॅडम! हे गावाकडचं भारनियमन नाही.”

हे बरंचसं खरं आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई महानगराची वीज गेली तेव्हा ती देशभरची बातमी झाली, यातच ते किती क्वचित घडतं ते दिसतं. पण थंडी वीज गेल्यानेच तुटते असं नाही. ती जिथे माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो तिथे तुटते, आणि असे हात सात-आठ असतात. एकेका टप्प्यावर वीस मिनिटं गेली तरी कुणाला वाटत नाही की आपण काही बिघडवलं. जंतूंच्या बाजूने पाहिलं तर या तुटक्या मिनिटांची बेरीज होते. ३ अंशांवर रेंगाळणारी वाढ १० अंशांवर चालू लागते, ३० वर पळते. लेपाने ज्यांची सुरुवातीची संख्या कमी केली ते जंतू अशा दोन-तीन संधींत हुकलेलं अंतर भरून काढू शकतात. म्हणून ‘दुप्पट मुदत’ हा लेपाचा गुणधर्म नाही. एका ठरावीक तापमानात, एका ठरावीक मालावर मिळालेला तो निकाल आहे. दिंडोशीच्या तापमानाला तो जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

इथे कुणी म्हणेल, मुदत दुप्पट नाही तर दीडपट धरा, काहीतरी वाढवा. याच्या विरोधात मला जे सर्वांत वजनदार कारण वाटतं ते नासण्याच्या वासाशी निगडित आहे. मांस नासलं हे आपल्याला कळतं ते बहुधा निरुपद्रवी जंतूंमुळे: आंबूस वास, बुळबुळ, हिरवट झाक. हे जंतू आपल्याला आजारी पाडत नाहीत; पाकीट फेकायला लावतात. लेप त्यांना छान आवरतो, कारण बहुतेक प्रयोगांत यश मोजलं जातं ते एकूण जंतूंची संख्या आणि वास-चव यांवर. पण लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा आजारी पाडणारा जंतू वास करत नाही. फ्रीजच्या थंडीतही तो सावकाश वाढत राहतो. लेपाने त्यालाही मार बसतो, पण तो पूर्ण मेला नाही आणि त्याच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे मेले, तर त्याला मोकळं रान मिळतं. वर तारीख वाढवली म्हणजे वेळही मिळाला. माल दिसायला ताजा, वासाला ताजा, पाकिटावर अजून आठवडा शिल्लक. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये लिस्टेरियाची जी साथ आली तिचं मूळ पोलोनी या शिजवलेल्या, थंडच खाल्ल्या जाणाऱ्या सॉसेजमध्ये सापडलं. हजारावर लोकांना लागण झाली आणि दोनशेहून अधिक दगावले. नवजात बालकं त्यात मोठ्या संख्येने होती. ती साथ लेपामुळे आली नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. पण शिजवल्यानंतर पृष्ठभागावर बसलेला जंतू, थंडीत वाढणारा, नाकाला न कळणारा, काय करू शकतो याचा तो पुरावा आहे. लेपाने नाकाचा इशारा उशिरा मिळणार असेल तर तारीखही त्याच्याबरोबर पुढे ढकलणं म्हणजे दोन्ही पहारेकरी एकदम सुट्टीवर पाठवणं.

दादाकडे यावर झटपट उत्तर आहे. “ते तिकडचे लोक थंड खातात मॅडम. आपल्याकडे सॉसेज कुणी कच्चं खातं का? कांदा-मिरचीवर परतल्याशिवाय आमच्याकडे ताटात येत नाही.”

हा आक्षेप निम्मा बरोबर आहे, आणि तो निम्मा महत्त्वाचा आहे. नीट परतलेल्या सॉसेजमध्ये लिस्टेरिया टिकत नाही. आपल्या स्वयंपाकाच्या सवयीने बरंच संरक्षण मिळतं. पण सलामी आणि हॅम सँडविचमध्ये तशीच जातात, आणि डब्यात जातात म्हणजे दुपारपर्यंत आणखी चार तास उबेत राहतात. दुसरं, काही जंतूंचं विष उष्णतेला दाद देत नाही. माणसाच्या हातांवर आणि नाकात राहणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस साधारण १० अंशांच्या वर विष तयार करू लागतो. जंतू तव्यावर मरतो, त्याने करून ठेवलेलं विष उरतं. परतण्याने लिस्टेरियाचा प्रश्न सुटतो, तुटलेल्या थंडीचा सुटत नाही.

आता दादाचा खरा आक्षेप, जो मला खोडता येत नाही, फक्त वळवता येतो. “ठीक आहे मॅडम, तारीख तीच ठेवा. मग लेपाचा खर्च कोण करणार? कंपनी लेप लावेल ती मुदत वाढते म्हणून. मुदत वाढणार नसेल तर तिला काय पडलंय? आणि श्रावणात माझं पाकीट पडून राहतं ते राहणारच. तुमच्या सुरक्षिततेने माझा तोटा भरत नाही.” श्रावणाबद्दल तो बरोबर आहे, तो तोटा मागणी बघून माल मागवूनच कमी होईल. पण तोटा एकाच प्रकारचा नसतो. तारीख उलटून गेलेला माल हा एक, आणि तारखेच्या आत फुगलेला, बुळबुळलेला, गिऱ्हाइकाने परत आणलेला माल हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात पैसे जातात आणि गिऱ्हाईकही जातं. तारीख न वाढवता लावलेला लेप नेमका हा दुसरा तोटा कमी करतो, आणि त्याचा फायदा कंपनीलाही आहे, कारण असा परतावा तिलाच गिळावा लागतो. हे उत्तर पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. बाजार सुरक्षिततेला सहसा किंमत देत नाही. ती नियमाने द्यायला लावावी लागते. अमेरिकेच्या कृषी खात्याने २००३ साली तयार मांसपदार्थांच्या कारखान्यांसाठी लिस्टेरियाचा नियम केला, त्यात तीन वाटा दिल्या. शिजवल्यानंतर जंतू मारणारी प्रक्रिया आणि त्यांची वाढ रोखणारा पदार्थ असे दोन्ही उपाय करणाऱ्याला तपासण्या सर्वांत कमी, एक करणाऱ्याला मधल्या, नुसत्या स्वच्छतेवर विसंबणाऱ्याला सर्वांत जास्त. म्हणजे जादा अडथळ्याचं बक्षीस लांबलेल्या तारखेत न देता कमी झालेल्या तपासणीत दिलं. आपल्याकडे २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनी वापराची अंतिम तारीख छापणं सक्तीचं केलं, पण ती तारीख किती दिवसांची हे उत्पादक आपल्या चाचण्यांवरून ठरवतो. त्या चाचण्या कुठल्या तापमानाला केल्या हे पाकीट सांगत नाही.

म्हणून मॅडमच्या भूमिकेला मी एक पोट-अट जोडेन, दादाची बाजू राखण्यासाठी. तारीख कायमची गोठवा असं नाही. उत्पादकाने लेपाचा माल ० ते ३ अंशांऐवजी ८ ते १० अंशांना ठेवून, मधे दोन-तीनदा उबेत काढून, त्यावर मुद्दाम लिस्टेरिया सोडून तपासावा. तिथेही तो टिकला तर वाढवा तारीख, माझी हरकत नाही. शीतगृहातल्या आकड्यावर तारीख वाढवू नका, एवढंच.

बाकीचे आक्षेप थोडक्यात संपवता येतात. लेपामुळे प्लॅस्टिक कमी होईल, असं सांगितलं जातं. मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर महाराष्ट्रात हे वाक्य विकलंही जातं. फळांच्या बाबतीत त्यात तथ्य असेल. मांसाचा लेप मात्र खायचा आहे, त्याला हात लागता कामा नये, म्हणून त्याच्यावर पाकीट लागतंच. कुणी उलट बाजूने म्हणेल की मुळात हे खाणंच वाईट, ते टिकवता कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं, रोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते असं सांगितलं. ते खरंच आहे आणि लेपाने त्यात काही फरक पडत नाही: ज्या नायट्राइटवर तिथे बोट ठेवलं जातं ते मांसाच्या आत असतं, लेप बाहेर. लेपामुळे नायट्राइट काढून टाकता येईल असं कुणी सांगू लागलं तर त्याच्यापासून जपून राहावं.

राहिला तो टरफलांचा प्रश्न, आणि तो मुंबईला जवळचा आहे. ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या बायकांपुढे आणि तळोज्याच्या निर्यात कारखान्यांत डोकी-टरफलांचे ढीग पडतात. सोललेल्या कोळंबीच्या जवळजवळ बरोबरीने कचरा निघतो. तो कचरा उपनगरातल्या सॉसेजच्या कामी येऊ शकतो ही कल्पना मला आवडते. पण कवचधारी माशांची ॲलर्जी असणारी माणसं आहेत, आणि आपल्या लेबलिंगच्या नियमांत त्या घटकाचा उल्लेख सक्तीचा आहे. कायटोसान शुद्ध केलं की त्रास देणारी प्रथिनं बरीचशी निघून जातात, तरी ‘बरीचशी’वर कुणाचा श्वास टांगून ठेवता येत नाही. त्यातून आपल्याकडे खाण्याच्या वस्तूंवर काय चढवलंय याबद्दल लोक हळवे आहेत, आणि ते योग्यच आहे. मिठाईवरचा चांदीचा वर्ख जनावराच्या आतड्यांच्या पानांत कुटला जातो हे कळल्यावर किती गदारोळ झाला. अखेर २०१६ साली नियमानेच वर्खाच्या निर्मितीत प्राणिजन्य वस्तूंना मज्जाव झाला. मांसाच्या पाकिटावर मांसाहाराची तपकिरी खूण असतेच, पण ती जनावर कुठलं ते सांगत नाही. चिकन सॉसेजच्या आवरणातलं कोलॅजन गाईगुरांच्या कातड्याचं की आणखी कशाचं, जिलेटिन डुकराचं की माशाचं, हे कुरार गावातल्या हिंदू आणि मुसलमान दोन्ही गिऱ्हाइकांना कळायला हवं. समुद्रशेवाळातल्या अल्जिनेटला ही अडचण नाही, पण ते स्वतः जंतू मारत नाही; त्यात काहीतरी मिसळावं लागतं.

“छापतील पाकिटावर,” दादा म्हणतो. “पण मी दोनशे ग्रॅम सलामी कापून कागदात बांधून देतो. त्या कागदावर काय छापू?”

“मशीनच्या वर पाटी लावा. या मालाच्या लेपात कोळंबीच्या टरफलाचा अंश आहे. मराठीत आणि हिंदीत.”

“गिऱ्हाईक विचारेल, चिकनमध्ये कोळंबी कशाला?”

“मग सांगा, टिकण्यासाठी. आणि कुणी ॲलर्जी आहे म्हणालं तर ती सलामी देऊ नका.”

“आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात पाठवू?”

“दुसऱ्या दुकानात कशाला? बिनलेपाचा मालही ठेवा आणि तो द्या. फक्त दोन्ही एकाच पात्यावर कापू नका.”